पहाटे फोन किंचाळतो आणि आरोपी सातशे किलोमीटरवर असतो: ब्लू अलर्ट चालू ठेवावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहाटे पाचच्या आधी घरातले चारही फोन एकदम किंचाळले. आई-बाबा सांगलीहून आले होते, आईला बीपीचा त्रास. ती इतकी घाबरली की दिवसभर तिच्या छातीत धडधडत होतं. कारण काय, तर सातशे किलोमीटरहून लांब कुठेतरी पोलिसावर गोळी झाडून एक माणूस पळाला होता. त्याच दिवशी मी सगळ्या फोनवरचे सगळे अलर्ट बंद करून टाकले. आता आई-बाबा पुन्हा यायचे आहेत. बायको म्हणते, चालू करा. करू का? आणि परत असा अलर्ट आला तर आपण नेमकं करायचं तरी काय?"

मी टेक्सासमधल्याच एका काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरवर आलेले फोन घेणाऱ्या डिस्पॅच रूममध्ये सोळा वर्षं काम करते आहे. म्हणजे असा अलर्ट निघाला की त्यानंतरचे फोन माझ्या हेडसेटमध्ये येतात, आणि ज्या अधिकाऱ्यासाठी तो निघालेला असतो त्याचा आवाज काही वेळा मी थोड्याच वेळापूर्वी ऐकलेला असतो. त्यामुळे मी तटस्थ आहे असं म्हणणार नाही. पण तुमची तक्रार मला पूर्ण पटते, आणि तुमच्या बायकोचं म्हणणंही बरोबर आहे.

तुम्ही बटणाबद्दल विचारलंय, पण तुमच्या मनात सलणारी गोष्ट दुसरीच आहे, असं मला वाचताना वाटलं. ज्या बातमीवर अंथरुणात पडून मला काहीच करता येणार नव्हतं, तिच्यासाठी मला आणि माझ्या आजारी आईला का उठवलं? याचं नीट उत्तर मिळालं नाही, तर मी सांगितलं म्हणून तुम्ही आज बटण चालू कराल आणि पुढच्या अलर्टला परत बंद कराल. म्हणून आधी तिकडे वळते.

तुमच्याकडे वाजला तो ब्लू अलर्ट. त्याची सुरुवात २००८ ची. फ्लोरिडाने तो आधी आणला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टेक्सासचे तेव्हाचे गव्हर्नर रिक पेरी यांनी आदेश काढून इथे सुरू केला. लहान मुलांच्या अपहरणासाठीचा अँबर अलर्ट आधीपासून होता, तोही टेक्सासमधल्याच एका दुःखद घटनेतून आलेला: १९९६ मध्ये आर्लिंग्टनमधून अँबर हॅगरमन या नऊ वर्षांच्या मुलीला पळवून नेऊन मारलं होतं. त्याच धर्तीवर, पोलिसाला मारून किंवा गंभीर जखमी करून कोणी गाडीतून पळाला, तर त्याचं आणि गाडीचं वर्णन लोकांपर्यंत पोचवायचं, ही कल्पना.

देशपातळीवर ती गेली ती न्यूयॉर्कमुळे. २० डिसेंबर २०१४ ला ब्रुकलिनमध्ये रफाएल रामोस आणि वेन्जियान लिऊ हे दोन पोलीस त्यांच्या गाडीत बसलेले असताना मारले गेले. मारणाऱ्याने त्याच दिवशी सकाळी बाल्टिमोरजवळ एका तरुणीवर गोळी झाडली होती आणि पोलिसांना मारणार असल्याचं समाजमाध्यमावर लिहिलं होतं. बाल्टिमोर काउंटीच्या पोलिसांनी न्यूयॉर्कला कळवलं, फॅक्ससुद्धा पाठवला. तो इशारा ब्रुकलिनमधल्या गाडीपर्यंत वेळेत पोचला नाही. मे २०१५ मध्ये या दोघांच्या नावाचा कायदा झाला. त्यात तीन प्रसंग सांगितले आहेत: कर्तव्यावर असताना अधिकारी मारला गेला किंवा गंभीर जखमी झाला, कर्तव्याच्या संदर्भात अधिकारी बेपत्ता झाला, किंवा अधिकाऱ्याला मारण्याची तातडीची आणि विश्वासार्ह धमकी आहे. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये संघीय दळणवळण आयोगाने ब्लू अलर्टला स्वतःचा कोड दिला, आणि २०१९ पासून तो टीव्ही, रेडिओ आणि मोबाइलवर या कोडाने जाऊ लागला.

आता राज्याराज्यात फरक आहे, कारण राज्यांना हे ऐच्छिक आहे. टेक्सासमध्ये अलर्ट काढतो तो सार्वजनिक सुरक्षा विभाग, पण मागणी यावी लागते तपास करणाऱ्या स्थानिक यंत्रणेकडून. अधिकारी मारला गेलेला किंवा गंभीर जखमी झालेला असला पाहिजे, आरोपीपासून लोकांना आणि इतर पोलिसांना गंभीर धोका आहे असं तपास यंत्रणेचं मत असलं पाहिजे, आणि गाडीचं वर्णन, नंबर प्लेट किंवा निदान अर्धा नंबर तरी हातात असला पाहिजे. ही शेवटची अट लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे.

तुम्हाला उठवणारा अलर्ट हॉल काउंटीतला होता. ही काउंटी राज्याच्या वरच्या टोकाला, ज्याला इथे पॅनहँडल म्हणतात तिकडे आहे. तिथल्या एका छोट्या गावच्या पोलीस प्रमुखांना आदल्या रात्री गोळी लागली होती. ते वाचले. अलर्ट पहाटे चार पन्नासच्या सुमारास निघाला आणि राज्यभर गेला. टेक्सास महाराष्ट्राच्या सव्वादोन पटीहून मोठं आहे. म्हणजे गडचिरोलीच्या घटनेसाठी सिंधुदुर्गातलं घर पहाटे उठवावं, तेवढं हे अंतर. आयोगाकडे साडेचार हजारांच्या आसपास तक्रारी गेल्या. आरोपी काही दिवसांनी सापडला.

राज्यभर का पाठवला? त्या निर्णयाच्या खोलीत मी नव्हते, त्यामुळे त्या रात्रीबद्दल मी बोलणार नाही. पण असा निर्णय घेणाऱ्याच्या मनात काय चालतं ते मला ठाऊक आहे. माणूस गाडीत आहे. कुठे गेला माहीत नाही. पाच तासांत तो पाचशे किलोमीटर गेला असेल. समजा मी शंभर किलोमीटरचं वर्तुळ काढलं आणि तो एकशे वीसवर दुसऱ्या पोलिसासमोर उभा राहिला, तर उद्या त्या घरी जाऊन काय सांगू? ही भीती खरी आहे. पहाटे चारला, आपल्यापैकीच कोणी तरी हॉस्पिटलात असताना, कोणाचाही हात मोठ्या वर्तुळाकडे जातो.

तरीही राज्यभर सगळे फोन वाजवणं मला पटत नाही, आणि हे मी माझ्या सहकाऱ्यांनाही सांगते. २०१५ च्या कायद्यातच म्हटलंय की आरोपी सापडण्याची शक्यता जिथे जास्त आहे किंवा तो जिथपर्यंत पोचू शकतो, शक्यतो तेवढ्याच भागापुरता अलर्ट असावा, आणि राज्याची सीमा ही मर्यादा मानू नये. हॉल काउंटीतून निघालेल्या माणसाला ओक्लाहोमा तासाभरावर आहे, ह्यूस्टन दिवसभराच्या वाटेवर. मग त्या पहाटे जागी कोण माणसं होती? हायवेवरचे ट्रकवाले, पेट्रोल पंपावर रात्रपाळीला असलेला पोरगा, मोटेलच्या काउंटरवरची बाई. ट्रकवाल्यांना हायवेवरच्या मोठ्या फलकावर गाडीचा रंग आणि नंबर दिसला तर ते बघतील. पंपावरच्या पोराचा फोन वाजला तर तोही बघेल. तुम्ही बंद खोलीत पांघरुणात आहात. तुमचे डोळे त्या क्षणी कोणाच्याच उपयोगाचे नाहीत, आणि म्हणून आसपासच्या काउंट्यांत फोन, बाकी राज्यात हायवेचे फलक, टीव्ही आणि रेडिओ, असं टप्प्याटप्प्याने करावं असं माझं मत आहे. तंत्र त्यासाठी तयार आहे. मोबाइलचा हा अलर्ट मेसेजसारखा एकेका नंबरला जात नाही. मोबाइलचे टॉवर तो एकदम सगळ्यांसाठी बोलतात, जसं रेडिओ स्टेशन बोलतं. कोणता भाग हे नकाशावर आखून देता येतं, आणि २०१९ च्या शेवटापासून नवे फोन त्या आखलेल्या सीमेच्या साधारण दीडशे-पावणेदोनशे मीटर इकडेतिकडे इतक्या अचूकपणे स्वतःला तपासतात. (यातून तुमचं लोकेशन कोणालाही कळत नाही. ही शंका मला फार जण विचारतात, म्हणून सांगितलं.)

आमच्या डिस्पॅच रूममधून ते कसं दिसतं तेही सांगते. काही वर्षांपूर्वीची रात्र. मोठ्या भागावर अलर्ट गेला. आमच्या भिंतीवरच्या स्क्रीनवर थांबलेल्या कॉलचा आकडा असतो, रात्री तीन-चारला तो बहुतेक शून्य असतो. दोन मिनिटांत तो एकवीसवर गेला. मी ओळीने उचलत गेले. "हे काय आहे?" "फोन हॅक झालाय का?" "माझं बाळ उठलं, कोणाला तक्रार करू?" सातवा की आठवा कॉल एका म्हाताऱ्या गृहस्थांचा होता. श्वास पुरत नव्हता त्यांना, दोन शब्द बोलून थांबत होते. एक मिनिट पन्नास सेकंद ते रांगेत होते. अँब्युलन्स वेळेत पोचली, ते वाचले, पण त्या आकड्यावर माझी नजर अजून जाते. म्हणून पहिली विनंती: अलर्ट का आला हे विचारायला ९११ लावू नका. टीव्ही लावा, पोलिसांच्या अधिकृत पानावर बघा, नाहीतर सरळ झोपा.

त्याच रात्री, त्या एकवीसांत, एक कॉल कामाचा होता. पंपावरची मुलगी होती. तिने नाव सांगण्याआधी पंपाचा रस्ता आणि एक्झिट नंबर सांगितला. मग म्हणाली, पांढरा पिकअप, मागचा डावा दिवा फुटलेला, नंबरातली शेवटची दोन अक्षरं अमुक, चार मिनिटांपूर्वी पूर्वेकडे गेला, ड्रायव्हरने रोख पैसे दिले. एवढंच. वीस सेकंद. तिने त्याला अडवलं नाही, त्याचा फोटो काढायला बाहेर गेली नाही, दार आतून लावून घेतलं आणि फोन केला. आमच्या पूर्वेकडच्या गाड्यांना ते लगेच सांगता आलं.

आपल्याकडे ही गोष्ट समजावून सांगायची असेल तर मला २६/११ आठवतं. त्या रात्री कामा हॉस्पिटलच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर मारले गेले आणि अतिरेकी त्यांचीच क्वालिस घेऊन निघाले. गाडीत मागे जखमी होऊन पडलेल्या पोलिसाने, ते उतरून गेल्यावर, वायरलेसवरून कळवलं. त्यांनी पुढे एक स्कोडा बळकावली होती. स्कोडाचं वर्णन गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीपर्यंत पोचलं, गाडी अडली, आणि तुकाराम ओंबळे यांनी बंदुकीची नळी धरून ठेवली म्हणून कसाब जिवंत हाती लागला. पोलिसांना मारून गाडीतून पळणारा माणूस, आणि त्याच्या वाटेवरच्या थोड्या माणसांना मिळालेलं गाडीचं नेमकं वर्णन. ब्लू अलर्टने जे साधायचं असतं ते हेच. मुंबईत तो निरोप पोलिसांच्या वायरलेसवर होता, आम जनतेच्या फोनवर नव्हता, हा फरक आहेच. नाकाबंदीवरच्या माणसाने हात पुढे केला कारण ते त्याचं काम होतं. सामान्य माणसाकडून अलर्ट फक्त डोळे मागतो.

वर्णन चुकलं किंवा मोघम राहिलं तर काय होतं, तेही बघा. फेब्रुवारी २०१३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस पोलीस दलातून काढलेला ख्रिस्तोफर डॉर्नर पोलिसांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या जिवावर उठला होता. तिथे ब्लू अलर्ट निघाला. त्याची गाडी करड्या रंगाची निसान टायटन. टॉरन्समध्ये पहाटे वर्तमानपत्रं टाकणाऱ्या दोन बायकांच्या निळ्या टोयोटावर पोलिसांनीच गोळ्यांचा वर्षाव केला. आई ७१ वर्षांची, मुलगी ४७ ची. दोघी वाचल्या, लॉस एंजेलिस शहराला पुढे ४२ लाख डॉलर द्यावे लागले. प्रशिक्षित माणसं, हातात वर्णन, तरी घाबरलेल्या डोळ्यांनी निळा करडा दिसला. आणि डॉर्नर शेवटी कशाने सापडला? बिग बेअरच्या डोंगरात ज्या नवरा-बायकोला त्याने बांधून ठेवलं होतं, त्यांनी सुटका करून घेऊन ९११ लावला तेव्हा.

दुसरं उदाहरण आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांना जास्त जवळचं आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या चेल्सी भागात बॉम्ब फुटल्यावर सोमवारी सकाळी लाखो फोनवर संशयिताचं नाव, वय, पुरुष एवढं आलं आणि फोटोसाठी बातम्या बघा असं लिहिलं होतं. तो ब्लू अलर्ट नव्हता, पण यंत्रणा हीच. तेव्हा संदेशाला नव्वद अक्षरांची मर्यादा होती. लिंक नाही, फोटो नाही. नाव अफगाणी. त्या सकाळी सबवेत दाढी असलेल्या प्रत्येक सावळ्या मुलाकडे लोक कसे बघत असतील, ते वेगळं सांगायला नको. आणि संशयित सापडला न्यू जर्सीतल्या लिंडनला, एका बारच्या दारात झोपलेला. ज्याने ओळखून पोलिसांना फोन केला तो बारचा मालक पंजाबी शीख. त्याने बातम्यांत फोटो पाहिला होता. आता मर्यादा ३६० अक्षरांची आहे, लिंकही देता येते, त्यामुळे मोघम संदेशाला आज सबब उरलेली नाही. मी नव्या डिस्पॅचरना शिकवते तेव्हा हेच सांगते की गाडी आधी, नंबर आधी, दिशा आधी. माणसाचा वर्ण त्यानंतर, आणि एकटा तर कधीच नको.

बेपत्ता अधिकाऱ्याचा प्रसंग कायद्यात आहे, पण लोकांच्या लक्षात तो येत नाही. आमच्यासाठी तो सगळ्यात कठीण. रात्री कोणी गाडी अडवली की अधिकारी रेडिओवर जागा आणि नंबर प्लेट सांगतो. मग आम्ही ठरावीक वेळाने त्याला हाक मारतो. तो म्हणतो, ठीक आहे. माझ्या हाकेला उत्तर आलं नाही, की मी दुसऱ्यांदा हाक मारते, मग जवळची गाडी पाठवते, तिसरी हाक मारते. बहुतेक वेळा दरीत रेडिओ लागत नसतो किंवा तो ड्रायव्हरशी बोलत असतो, आणि दीड मिनिटाने त्याचा आवाज येतो. ते दीड मिनिट पोटात गोळा येतो. म्हणून बेपत्ता म्हटलं की लगेच लोकांचे फोन वाजवत नाहीत, वाजवूही नयेत. पण पाठवलेल्या गाडीला रस्त्याकडेला दिवे चालू असलेली रिकामी पोलीस गाडी दिसली, तर गोष्ट क्षणात बदलते. टेक्सासच्या निकषांचा पाया अधिकारी मारला जाणं किंवा गंभीर जखमी होणं हा आहे, इतर काही राज्यांत बेपत्ताही धरतात. तुम्ही उद्या दुसऱ्या राज्यात राहायला गेलात तर तिथलं बघावं लागेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, अलर्ट आला तर करायचं काय. हे तुम्ही त्या क्षणी कुठे आहात यावर अवलंबून आहे. घरात, झोपेत असाल आणि घटना लांबची असेल, तर वाचा, दाराला कडी आहे का बघा, फोन ठेवा. घटना तुमच्याच काउंटीत असेल तर बाहेरचा दिवा लावा, गॅरेजचं दार बंद करा, गाडीच्या किल्ल्या आत घ्या. पळणाऱ्या माणसाला नवी गाडी हवी असते, तुमच्याशी त्याचं वैर नसतं. रस्त्यावर असाल तर फक्त दोन गोष्टी डोक्यात ठेवा, गाडीचा रंग आणि प्लेटची काही अक्षरं. दिसलीच, तर मागे लागू नका. पुढच्या एक्झिटला उतरा आणि फोन करा: आधी जागा, मग दिशा, मग गाडी, मग किती वेळ झाला. समोरची बाई प्रश्न विचारत असेल तेव्हा फोन ठेवू नका, तुम्ही बोलत असतानाच ती दुसऱ्या हाताने टाइप करून गाड्या पाठवत असते. आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "आमच्या गल्लीत संशयास्पद माणूस" असं टाकू नका. कोणाच्या तरी पोराला त्याची किंमत मोजावी लागते.

तुमची गाडी वर्णनासारखी असेल तर काय, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. गरज नसेल तर त्या रात्री निघू नका. पोलिसांनी थांबवलंच तर बाजूला घ्या, आतला दिवा लावा, काचा खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. लायसन्स मागितल्याशिवाय खिशात किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घालू नका. मागितल्यावर आधी सांगा की कागद कुठे आहेत आणि मग हळू हात न्या. आई-बाबा मागे बसलेले असतील तर त्यांनाही आधीच समजावून ठेवा. आपल्याकडे पोलीस दिसला की माणूस उतरून त्याच्याकडे चालत जातो. इथे तसं केलं की समोरचा अधिकारी घाबरतो, आणि या रात्री तो आधीच घाबरलेला असतो.

बटणाकडे येते. फोनवर ब्लू अलर्टसाठी वेगळं बटण नाही. तुमच्या रागाचं मूळ इथे आहे आणि धोकाही इथेच आहे. २०१७ च्या आदेशानुसार ब्लू अलर्ट फोनवर ज्या वर्गात जातो तो "तातडीचा धोका" हा वर्ग. टॉर्नेडो आणि अचानक येणारा पूर त्याच वर्गात आहेत. म्हणजे पोलिसांच्या अलर्टवर चिडून तुम्ही जे बटण बंद केलंत, त्याने टॉर्नेडोचाही आवाज बंद केला. अँबरचं बटण वेगळं असतं, ते बंद ठेवलं तर हवामानाच्या इशाऱ्यावर परिणाम होत नाही. राष्ट्रीय अलर्ट मात्र बंद करताच येत नाही.

४ जुलै २०२५ च्या पहाटे हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागात, काय झालं ते तुम्हाला आठवतच असेल. ग्वाडालूप नदी हंटजवळ पाऊण तासात सव्वीस फुटांच्या आसपास चढली. राष्ट्रीय हवामान सेवेचा बँडेरा आणि कर काउंटीसाठीचा इशारा रात्री एक चौदाला फोनवर गेला होता. राज्यात १३० हून अधिक माणसं गेली. कोणाचा फोन बंद होता, कोणाच्या फोनला तिथे रेंज नव्हती, कोणाचा वाजला आणि त्यांनी कूस बदलली, हे बाहेरून सांगता येत नाही, आणि कोणाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या चार घरांत मी स्वतः जाऊन फोन तपासले. दोन घरांत तातडीचे अलर्ट बंद होते. दोघांनीही कारण तेच सांगितलं, जे तुम्ही सांगितलंत.

म्हणून माझं म्हणणं असं. तुमच्या आणि बायकोच्या फोनवर तातडीचे अलर्ट चालू करा, आयफोनमध्ये नोटिफिकेशनच्या पानावर अगदी खाली सापडतील, अँड्रॉइडमध्ये "इमर्जन्सी अलर्ट" असं शोधा. चार फोन एकदम वाजायची मात्र काही गरज नाही. रात्री आई-बाबांचे दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर टाका; टॉवरशी जोडलेला नसेल तो फोन वाजत नाही. तुमचा एक फोन चालू, उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला. वाजला तर तुम्ही उठून वाचाल, आणि त्यांना उठवायचं की नाही ते तुम्ही ठरवाल. पावसाळी हवेत किंवा टॉर्नेडोच्या दिवसांत याच्या जोडीला तीस-चाळीस डॉलरचा वेदर रेडिओ घ्या. त्यात आपली काउंटी निवडता येते, चांगल्या मॉडेलमध्ये कोणत्या इशाऱ्यांना वाजायचं हेही ठरवता येतं, म्हणजे त्याच्यापुरता ब्लू अलर्ट बंद आणि पूर चालू असं जमतं. फोनवर जे मिळत नाही ते इथे मिळतं.

आणि जमलं तर आयोगाला तक्रार लिहाच, पण अलर्ट बंद करा असं लिहू नका. फोनवर ब्लू अलर्टला वेगळं बटण द्या आणि वर्तुळ लहान ठेवा, असं लिहा. आमच्यासारख्यांनी आतून सांगितलेलं आणि तुमच्यासारख्यांनी बाहेरून लिहिलेलं एकत्र आलं तर ते बदलू शकतं.

आईंना आधी सांगून ठेवलंत तर अर्धी भीती जाईल. २०२३ मध्ये भारतात दूरसंचार विभागाने चाचणीचे अलर्ट पाठवले होते, तो मोठा आवाज त्यांनी कदाचित ऐकला असेल. वीज आणि मुसळधार पावसाचे इशारे आता तिथेही फोनवर येतात. तसाच आवाज आहे, म्हणा. एखाद्या दुपारी, सगळे जागे असताना, त्यांना तो आवाज इंटरनेटवरून हळू लावून ऐकवा. आणि तुम्ही दोघं ऑफिसात असताना त्यांच्यावर वेळ आलीच, तर एक कागद फ्रिजवर चिकटवा: वर ९११, खाली घराचा पूर्ण पत्ता देवनागरीत, त्याखाली एकच शब्द, "मराठी". त्यांनी पत्ता वाचला आणि तो शब्द उच्चारला की बऱ्याच डिस्पॅच रूममध्ये फोनवरचा दुभाषी जोडता येतो. थोडा वेळ लागतो, तेवढ्यात गाडी निघालेली असते. फोन मात्र त्यांनी ठेवायचा नाही.